लॅटिन ग्रॅमीचं 'बेस्ट अर्बन साँग' नक्की मिळतं कोणाला?

दर वर्षी साधारण नोव्हेंबरात लॅटिन ग्रॅमीचे, म्हणजे स्पॅनिश-पोर्तुगीज संगीताच्या मोठ्या बक्षिसांचे, निकाल लागतात आणि मग दोन दिवस सगळीकडे फोटो फिरतात, हातात तो सोनेरी ग्रामोफोन घेतलेला बॅड बनी, नाहीतर रोसालिया, नाहीतर डॅडी यँकी असे गायक. त्यातलंच एक बक्षीस म्हणजे बेस्ट अर्बन साँग, म्हणजे रेगेटॉन (एका ठरावीक ठेक्यावरचं स्पॅनिश नाचगाणं), लॅटिन ट्रॅप, स्पॅनिश रॅप, डोमिनिकन देम्बो असल्या गाण्यांमधलं वर्षातलं सगळ्यात चांगलं गाणं. आणि जवळपास सगळ्यांचा समज असतो की हे गायकाला मिळतं. तसं नाहीये. हे बक्षीस गाणं *लिहिणाऱ्यांना* मिळतं, गायकानं लिहिण्यात हात घातला असेल तर त्यालाही, नसेल घातला तर गायक रिकाम्या हाती घरी. हा एक नियम कळला ना, की या बक्षिसाभोवतीची सगळी भांडणं आपोआप कळायला लागतात, म्हणून आधी तेवढंच नीट बघू.

ग्रॅमीवाल्यांच्या भाषेत 'रेकॉर्ड' वेगळं आणि 'साँग' वेगळं. रेकॉर्ड म्हणजे जे आपण ऐकतो ते तयार रेकॉर्डिंग, त्यात गायक, प्रोड्युसर, साउंड इंजिनियर, मिक्स करणारा सगळे आले. साँग म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या पोटातली रचना, शब्द आणि चाल. आपल्याकडे गीतकाराचं बक्षीस वेगळं, संगीतकाराचं वेगळं आणि पार्श्वगायकाचं वेगळं असतं, तर तिकडे पहिले दोन एकत्र करून त्याला साँगचं बक्षीस म्हणतात. अर्बनमध्ये गाण्याच्या सादरीकरणाचं बक्षीस निराळं आहे, त्याचं नाव अर्बन/फ्युजन परफॉर्मन्स, आणि अल्बमचं तिसरंच.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं, 'देस्पासितो'. २०१७ मध्ये हे गाणं आपल्याकडे पण लग्नाच्या वरातीपासून रिक्षापर्यंत वाजत होतं, त्यात दिसतात लुइस फोन्सी आणि डॅडी यँकी, पण ते लिहिणाऱ्यांत तिसरं नाव आहे एरिका एन्डर, पनामाची गीतकार. फोन्सीबरोबर बसून तिनं ते मायामीत लिहिलं. त्या वर्षीचं लॅटिन ग्रॅमीचं साँग ऑफ द इयर या तिघांना मिळालं, म्हणजे गाण्यात आवाज नसलेल्या एरिकालाही. आणि जस्टिन बीबरवाल्या रीमिक्सला मिळालं ते अर्बन/फ्युजन परफॉर्मन्सचं. त्या वर्षीचं बेस्ट अर्बन साँग मात्र 'देस्पासितो' नव्हतंच! ते गेलं रेसिदेन्ते या पोर्तो रिकोच्या रॅपरच्या 'सोमोस आनोर्मालेस'ला, जे रेडिओवर त्याच्या शंभराव्या हिश्शानं पण वाजलं नसेल. रेसिदेन्तेनं आपली डीएनए टेस्ट करून घेतली, त्यात जे जे प्रदेश आले तिथे तिथे जाऊन तिथल्या वादकांबरोबर गाणी केली, आणि या गाण्यात सैबेरियातल्या तुवा प्रांतातलं ते घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारं गाणं आहे. खपाचे आकडे या बक्षिसात मोजत नाहीत, याचा यापेक्षा ठळक पुरावा मला तरी दुसरा देता येणार नाही.

मग मोजतात काय? तर मतं. लॅटिन रेकॉर्डिंग अकादमी नावाची संस्था आहे, १९९७ ला स्थापन झालेली, ऑफिस मायामीत, अमेरिकेतल्या मूळ ग्रॅमीवाल्या अकादमीची बहीण संस्था म्हणा. पहिला सोहळा १३ सप्टेंबर २००० ला लॉस एंजेलिसमध्ये झाला. हिचे सभासद म्हणजे स्वतः गाणी करणारे लोक, गायक, वादक, गीतकार, प्रोड्युसर, इंजिनियर. रेकॉर्ड कंपन्या गाणी पाठवू शकतात पण कंपनी म्हणून मत देऊ शकत नाहीत. आधी आलेलं गाणं योग्य खणात आहे का हे जाणकारांच्या कमिट्या बघतात, मग पहिल्या फेरीच्या मतदानातून नामांकनं ठरतात, दुसऱ्या फेरीत विजेता. गाणं नवीन पाहिजे, कव्हर चालत नाही, १ जून ते पुढच्या ३१ मे या काळातलं पाहिजे, आणि शब्दांपैकी निदान ५१ टक्के स्पॅनिश किंवा पोर्तुगीज वगैरे त्या भागातल्या भाषांमधले पाहिजेत. म्हणजे 'लॅटिन' हे भाषेवरून ठरतं, गाणारा कुठल्या देशाचा यावरून नाही. त्यामुळेच स्पेनमधली, कातालोनियातली रोसालिया यात बसते, आणि बऱ्याच लॅटिन अमेरिकन लोकांना ते खटकतंही.

आता हा अर्बन नावाचा वेगळा खण लागलाच कशाला, तर त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. पनामा कालवा खणायला जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरून कृष्णवर्णीय कामगार आणले होते, त्यांची पोरंनातवंडं पनामातच राहिली, घरात इंग्रजी-पात्वा (जमैकाकडची इंग्रजी बोली) आणि बाहेर स्पॅनिश. १९८० च्या दशकात जमैकाच्या डान्सहॉल गाण्यांवर तिथल्या पोरांनी स्पॅनिश शब्द चढवायला सुरुवात केली, एल जनरल हे त्यातलं गाजलेलं नाव. तिथून हा माल न्यूयॉर्कमार्गे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पोचला, तिथे हिपहॉपमध्ये मिसळला, आणि तिथल्या सॅन हुआन शहराच्या सरकारी वसाहतींमध्ये डीजे प्लेयेरो, 'द नॉइज' असल्या नावांच्या कॅसेट हातोहात फिरायला लागल्या. १९९५ मध्ये पोर्तो रिकोच्या पोलिसांनी दुकानांवर धाडी टाकून या कॅसेट जप्त केल्या होत्या, अश्लील म्हणून. २००२ ला तर तिथल्या सिनेटमध्ये या गाण्यांवरच्या नाचाबद्दल सुनावण्या झाल्या. हे सगळं ज्या संगीताच्या वाट्याला आलं त्यालाच दोन वर्षांनी 'गासोलिना' नावाचं गाणं मिळालं आणि जग नाचायला लागलं.

'गासोलिना' डॅडी यँकीचं, पण त्याच्या लेखनात एडी डी नावाच्या जुन्या रॅपरचं नाव आहे, आणि बीट लुनी ट्यून्स या जोडीचा, डोमिनिकन रिपब्लिकची ही दोन पोरं हार्वर्ड विद्यापीठाच्या खानावळीत कामाला होती तिथे एकमेकांना भेटली. २००५ च्या लॅटिन ग्रॅमीत यँकीला अर्बन अल्बमचं बक्षीस मिळालं, पण अर्बन गाण्याचं बक्षीस मिळणं शक्यच नव्हतं, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे ज्या गाण्यामुळे दार उघडलं त्या गाण्यासाठी आतमध्ये खुर्ची नव्हती. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण एडी डीसारख्या लोकांना त्या एका बक्षिसानं जी ओळख मिळाली असती ती नंतर कोणी देऊ शकलं नाही.

ती खुर्ची आली २००७ मध्ये. पहिलं बेस्ट अर्बन साँग ठरलं काये ट्रेसे या पोर्तो रिकोच्या ग्रुपचं 'पाल नोर्ते', उत्तरेकडे सीमा ओलांडत निघालेल्या स्थलांतरितांबद्दलचं गाणं, सोबत ओरिशास हा क्युबन ग्रुप. काये ट्रेसेमधला शब्दवाला म्हणजे तोच रेसिदेन्ते, ज्याच्याबद्दल वर लिहिलं. या ग्रुपला हेच बक्षीस २०११ ला परत मिळालं, आणि २०१७ ला ग्रुपशिवाय केलेल्या त्याच्या गाण्याला. मधल्या वर्षांत डान्सची गाणीही आली, २०१३ ला यँकीचं 'लिम्बो', २०१४ ला 'बाइलांदो', २०१५ ला जे बाल्विनचं 'आय वामोस', २०१८ ला यँकीचंच 'दुरा'. यादी नीट बघितली तर मतदारांची आवड हेलकावे खाताना दिसते, एकदा शब्दांकडे, एकदा तालाकडे.

आणि याच हेलकाव्यातून २०१९ चं मोठं भांडण झालं. त्या सप्टेंबरात नामांकनं जाहीर झाली तर सगळ्यात जास्त, आठ, आलेहान्द्रो सांझ या स्पेनच्या पॉप गायकाला, आणि मोठ्या सर्वसाधारण विभागांमध्ये, म्हणजे वर्षातलं गाणं, वर्षातला अल्बम वगैरे, रेगेटॉनवाले जवळजवळ नाहीतच. हे तेव्हा, जेव्हा स्ट्रीमिंगवर स्पॅनिश संगीत म्हणजे मुख्यतः हेच संगीत होतं. डॅडी यँकी, जे बाल्विन, मालुमा अशा रेगेटॉनवाल्यांनी ग्रामोफोनच्या चित्रावर लाल फुली मारून पोस्ट टाकली, 'रेगेटॉन नाही तर लॅटिन ग्रॅमी पण नाही'. तक्रार अशी होती की आम्हाला अर्बनच्या खणात बसवून ठेवता आणि मुख्य सभागृहात येऊ देत नाही. अकादमीचं म्हणणं होतं की मतदान सभासद करतात, तुम्ही लोक सभासद व्हा, भाग घ्या. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं असं मला वाटतं, पण ज्यांच्या गाण्यांवर टीव्हीचा तो सोहळा बघितला जातो त्यांना नामांकनात जागा नाही हे खटकणारच, त्यात यँकी-बाल्विनचं काय चुकलं?

त्यात गंमत अशी झाली की त्या वर्षीचं बेस्ट अर्बन साँग निघालं 'कोन आल्तुरा', रोसालिया, एल गिंचो आणि बहिष्कार टाकणारा जे बाल्विन! तो विजेत्यांत. आणि बॅड बनीला अर्बन अल्बमचं बक्षीस मिळालं तेव्हा त्यानं स्टेजवरूनच सांगितलं की रेगेटॉन हा लॅटिन संस्कृतीचाच भाग आहे. पुढच्याच वर्षी, २०२० ला, अकादमीनं रेगेटॉन सादरीकरण आणि रॅप/हिपहॉप गाणं असे दोन नवीन विभाग काढले. म्हणजे खणांची संख्या वाढली. मोठ्या विभागांचा प्रश्न त्यानं सुटला असं मी म्हणणार नाही, पण दार जरा किलकिलं झालं, आणि त्याचा पहिला जोरदार धक्का २०२१ ला दिसला.

हे २०२१ चं जरा सविस्तर सांगतो कारण लेखकांना बक्षीस देण्याच्या नियमाचा खरा अर्थ तिथे कळतो. गाणं 'पात्रिया ई विदा'. फेब्रुवारी २०२१ ला आलं. क्युबात फिडेल कॅस्ट्रोच्या काळापासून भिंतींवर लिहिलेली घोषणा होती 'मातृभूमी किंवा मृत्यू', या गाण्यानं ती उलटवून 'मातृभूमी आणि जीवन' केली, बास, एवढंच केलं आणि सरकार हादरलं. गाणारे कोण, तर मायामीतले योतुएल, देसेमेर ब्वेनो, गेन्ते दे सोना, आणि खुद्द हवानात राहणारे दोन रॅपर, मायकेल ओसोर्बो आणि एल फंकी, ज्यांचा भाग तिथेच गुपचूप शूट झाला. जुलैच्या ११ तारखेला क्युबाभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा हेच शब्द त्यांच्या तोंडात होते. त्याआधीच मे महिन्यात ओसोर्बोला पोलिसांनी उचललं होतं. नोव्हेंबरात लास व्हेगासला निकाल लागला तेव्हा या गाण्याला दोन बक्षिसं मिळाली, बेस्ट अर्बन साँग आणि त्याच्यावर साँग ऑफ द इयर, म्हणजे ज्या मोठ्या विभागासाठी दोन वर्षांपूर्वी भांडण झालं तोच. दोन्ही लेखकांची बक्षिसं. त्यामुळे विजेत्यांच्या यादीत मायकेल ओसोर्बोचं नाव रीतसर छापलं गेलं आणि तो त्या वेळी तुरुंगात होता. पुढे जून २०२२ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच यादीत आणखी एक नाव आहे, बेआत्रिस लुएंगो. ती स्पॅनिश गायिका-गीतकार, योतुएलची बायको, या गाण्यात ती गात नाही पण लिहिण्यात होती, म्हणून तिलाही बक्षीस. गाण्यातला आवाजच तेवढा मोजला असता तर ती बाहेर राहिली असती. आणि योतुएल म्हणजे ओरिशासमधलाच, ज्यांचा आवाज २००७ च्या पहिल्या विजेत्या गाण्यात होता. चौदा वर्षांनी तो परत याच विभागात आला, स्वतःच्या देशाचं गाणं घेऊन. मला या सगळ्या यादीत हाच धागा सगळ्यात जास्त आवडतो.

आता खरा अवघड प्रश्न. रेगेटॉनमध्ये 'लिहिणं' म्हणजे काय? जुन्या पद्धतीत एकजण शब्द लिहितो, एकजण चाल लावतो, विषय संपला. इथे आधी बीट बनतो, त्यावर कोणीतरी माइकसमोर नुसतं गुणगुणतं, मग शब्द बसवतात, दुसरा कोणी कडवं देतो, तिसरा एक ओळ सुचवून जातो. त्यामुळे बीट बनवणारा प्रोड्युसरही बऱ्याचदा लेखक म्हणून धरला जातो, आणि धरलाच पाहिजे, कारण या संगीतात ताल हीच अर्धी चाल आहे. २०२३ ला बेस्ट अर्बन साँग मिळालेलं क्वेवेदो या स्पेनच्या गायकाचं गाणं घ्या, ते अर्जेंटिनाच्या बिसाराप या प्रोड्युसरच्या सेशनमधलं. बिसाराप टोपी-गॉगल लावून बाजूला बसतो, गात नाही, पण बक्षिसावर त्याचं नाव आहे. तो बीट काढून घ्या आणि बघा काय उरतं.

पण मग हाच न्याय मागे मागे नेला तर? रेगेटॉनचा जो मूळ ठेका आहे तो एकदा हातावर वाजवून बघा. १ ते ८ अशा आठ मात्रा एकसारख्या मोजा. १ आणि ५ वर जाड ठोका, ४ आणि ७ वर कडक पातळ ठोका. बूम, मग च, लगेच बूम, मग चिक. फिरवत राहा. दहा सेकंदांत ओळखीचा वाटेल कारण हजारो गाणी याच्यावर उभी आहेत. हा ठेका आला कुठून तर जमैकातून, शाबा रँक्स या तिथल्या गायकाचं 'डेम बो' नावाचं गाणं होतं, आणि त्याची मुळं सापडतात स्टीली अँड क्लीव्ही या जमैकन जोडीनं १९८९ ला केलेल्या 'फिश मार्केट' या वाद्यरचनेत. पनामाच्या नांदो बूमनं 'डेम बो' स्पॅनिशमध्ये केलं आणि तिथून तो ठेका पोर्तो रिकोत जाऊन इतका भिनला की डोमिनिकन लोकांनी तर आपल्या अख्ख्या संगीतप्रकाराला देम्बो हेच नाव दिलं.

स्टीली २००९ ला गेले. २०२१ मध्ये क्लीव्ही आणि स्टीलींच्या वारसांनी कॅलिफोर्नियात कोर्टात केस टाकली, नंतर ती वाढत वाढत दीड हजाराहून जास्त गाण्यांपर्यंत गेली, त्यात डॅडी यँकी, फोन्सी, बॅड बनी सगळेच प्रतिवादी. त्यांचं म्हणणं, या सगळ्या गाण्यांत आमची रचना आहे आणि आमचं नाव कुठेच नाही. समोरच्यांचं म्हणणं, ठेका कोणाच्या मालकीचा असू शकत नाही, नाहीतर उद्या कोणी गाणंच करू शकणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात जजनी ही केस सुरुवातीलाच फेटाळून लावायला नकार दिला. माझं मत विचाराल तर एका ठेक्यावर कायमची मालकी नको, पण ज्या दोन माणसांच्या कामावर एवढी मोठी इंडस्ट्री उभी राहिली त्यांना एकदाही मान मिळू नये हेही पटत नाही. अकादमी मात्र कागदावर लेखक म्हणून ज्यांची नावं नोंदली आहेत त्यांनाच ओळखते, तिच्यापुढे दुसरा मार्गही नाही. म्हणजे हे बक्षीस कितीही लेखकांचं असलं तरी कागदावर नाव यायच्या आधीच जो सुटला, तो सुटलाच.

अलीकडचे निकाल या नजरेनं ऐकून बघा, मजा येईल. २०२२ चं विजेतं बॅड बनीचं 'तिती मे प्रेगुन्तो' डोमिनिकन देम्बो आहे, म्हणजे जमैकाच्या त्या ठेक्याचा नातूच, आणि सुरुवातीला बाचाता या संगीतप्रकाराची गिटार येते ती पण डोमिनिकनच. गाणं पोर्तो रिकोच्या माणसाचं, अंगावरचे कपडे शेजारच्या बेटाचे. आणि २०२५ ला त्याच्याच 'डीटीएमएफ'ला मिळालं त्यात तर रेगेटॉन बाजूला सारून पोर्तो रिकोची जुनी प्लेना आहे, हातातल्या डफांवरची, गल्लीत घोळक्यानं गायची. प्लेनाच्या त्या गाण्यांतली कितीतरी कोणी रचली हेच नोंदलेलं नाही, तोंडातोंडी आलेली. लोकांनी ते गाणं लावून आपल्या गेलेल्या आजी-आजोबांचे फोटो टाकले जगभर, स्पॅनिशचा एक शब्द न कळणाऱ्यांनीसुद्धा. १९९५ ला ज्यांच्या कॅसेट पोलिसांनी उचलून नेल्या त्याच शहरांमधलं हे संगीत, आता आपल्या बेटाचा त्याहून जुना ताल हातात घेऊन त्याच अर्बनच्या खणात उभं आहे, आणि अकादमीनं त्याच रात्री त्याला वर्षातल्या अल्बमचंही बक्षीस दिलं.